उशिरा आलेलं ‘हो’

पत्र लांबलचक होतं, कापून देतेय, नाव-गाव काढून टाकलंय.

“ताई, मी चोपडा तालुक्यातला, वय 27. घरी केळी आणि थोडी कपाशी. आठ महिन्यांपासून जळगावला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, रूम करून राहतो. आम्ही सहा जण एकत्र डबा खायचो. मला बोलता येत नाही असं नाही, गावाकडे मी रात्री अकरापर्यंत ओट्यावर बडबड करतो. पण इथे काय बोलायचं ते डोक्यात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. सुरुवातीला एकदा केळीच्या भावाचं चाललं होतं आणि मी ‘केळं’ऐवजी ‘केयं’ बोललो, तर एक जण हसला. तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी मनात शुद्ध करतो आणि मगच बोलतो. दिवाळीनंतर हे लोक पाटणादेवीला जाणार होते, तेव्हा मला विचारलं होतं, मी म्हटलं, हो… बघतो. नंतर कोणी काही बोललं नाही. आणि आता मागच्या महिन्यात रविवारी रात्री स्टेटस बघितलं, पाचही जण आसोद्याकडे कोणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टीला. मला विचारलंसुद्धा नाही. छातीत दुखल्यासारखं झालं, त्या रात्री जेवलो नाही. आता डबा माझ्या टेबलावरच खातो, मोबाइल बघत. रीलमध्ये सांगत होते की काही लोकांचे मिरर न्यूरॉन कमजोर असतात, ऑक्सिटोसिन कमी असतं, त्यांना कनेक्ट होता येत नाही. माझं तसंच असेल का? त्यावर काही करता येतं का? आणि ज्याने स्टेटस टाकलं त्याला ब्लॉक करू का?”

अरे भो, तुला अरे-तुरेच करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

आधी ते भरीत पार्टीचं, कारण बाहेरच्या वाचकांना वाटेल एवढं काय वांग्याच्या भाजीवरून. त्यांना काय सांगायचं की खान्देशात हिवाळ्यातली भरीत पार्टी हे जेवण नसतंच, ते काम असतं. कोणी कपाशीच्या काड्या गोळा करतो, कोणी वांगी भाजतो, कोणी बोटं भाजून घेत सालं काढतो, एक जण मिरच्या-लसूण ठेचतो, एक नुसता उभा राहून सल्ले देतो, आणि कळण्याच्या पुऱ्या कोणाच्या घरून येणार यावर आठवडाभर आधीपासून फोन चालतात. तिथे पाहुणा कोणीच नसतो. म्हणून लग्नाची पत्रिका नाही आली तर माणूस म्हणतो जाऊ दे, पण भरिताला नाही बोलावलं की लागतं. तुला लागलं ते बरोबरच लागलं.

आणि छातीत दुखल्यासारखं झालं त्याची लाज वाटू देऊ नको. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. ते एकदा बागेत कुत्र्याला घेऊन बसले होते, तिथे दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती, ती प्लास्टिकची थाळी, ती यांच्याकडे आली. यांनी परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे फेकली, थोडा वेळ तिघांचा खेळ चालला, आणि मग त्या दोघांनी काही न बोलता यांच्याकडे टाकणं बंद केलं. बस, एवढंच. ना ओळख ना पाळख, पण त्यांना जे वाईट वाटलं ते त्यांना स्वतःलाच पटेना, आणि त्यातूनच पुढे त्यांनी कॉम्प्युटरवरचा चेंडूचा एक साधा गेम बनवला, त्यात थोड्या वेळाने तुझ्याकडे चेंडू येणं थांबतं. 2003 मध्ये नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांनी 13 जणांना हा गेम मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून खेळायला लावला. चेंडू यायचा थांबला तेव्हा मेंदूच्या मधल्या बाजूचा, कपाळाच्या मागचा जो भाग जास्त कामाला लागला, तो शरीराला दुखापत झाल्यावर ‘त्रास होतोय’ हे जाणवण्यातही असतो. आता तो भाग इतरही पुष्कळ कामं करतो, त्यामुळे मन दुखणं आणि पाय मोडणं एकच असं मी म्हणणार नाही, रीलवाले म्हणतात. पण तुझं दुखणं नाटक नव्हतं एवढं तरी त्यावरून म्हणता येतं.

याच्या पुढची गंमत ऐक. नंतर लोकांना आधीच सांगून टाकलं की बाबांनो, समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर चेंडू टाकतोय, तरीसुद्धा चेंडू नाही आला की त्यांना वाईट वाटलंच. म्हणजे मेंदूतली ही घंटा मळ्यातल्या कुत्र्यासारखी आहे, चोर आला तरी भुंकतं, दूधवाला आला तरी भुंकतं, आणि रात्री मोटारसायकलचा लाइट पडला तरी भुंकतं. कुत्रं भुंकलं हे खरं. कोण आलंय ते मात्र तुलाच उठून बघावं लागतं, आणि तू उठून बघितलंच नाही, अंथरुणातूनच ठरवून टाकलं की चोरच आहे.

आता ते मिरर न्यूरॉनचं. इटलीतल्या पार्मा शहरात रिझोलाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या आसपास माकडांच्या मेंदूत अशा पेशी पाहिल्या की माकडाने स्वतः खाण्याची वस्तू उचलली तरी त्या जाग्या होतात आणि दुसऱ्याला उचलताना नुसतं पाहिलं तरी जाग्या होतात. शोध मोठाच आहे. पण तिथून थेट ‘जळगावच्या अकाउंटंटला डब्याच्या वेळी बोलता येत नाही कारण त्याच्या या पेशी कमजोर आहेत’ इथपर्यंत उडी मारायची म्हणजे तापी एका ढांगेत ओलांडण्यासारखं झालं. आणि ऑक्सिटोसिन आपल्याकडे कोणाला नवीन आहे, म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून मारतात ते इंजेक्शन तेच, बाळंतपणात डॉक्टर देतात तेही तेच. ते कमी आहे का जास्त, हे तुला रील बघून कळणार नाही. शिवाय ते काही सरसकट प्रेमाचं औषध नाही, काही प्रयोगांत असं दिसलं की त्याने आपल्या कळपातल्यांबद्दलची माया वाढते, बाहेरच्यांबद्दलची नाही. आणि तू जो म्हणतो की ओट्यावर अकरापर्यंत बडबडतो, तोच मेंदू घेऊन तू जळगावला येतोस ना? का तो चोपड्याच्या स्टँडवर उतरवून ठेवतोस?

मग ओट्यावर जमतं ते डब्याला का जमत नाही? तुझ्या पत्रात एकच ओळ मला महत्त्वाची वाटली, ती म्हणजे आधी मनात शुद्ध करतो आणि मगच बोलतो.

गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो माहितीये? 2009 मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या गटाने जगभरातल्या 10 भाषांमध्ये हे मोजलं, हो-नाही उत्तराचे प्रश्न घेऊन. मराठी नव्हती त्यात, अहिराणी तर लांबच, पण जपानी होती, डॅनिश होती, मेक्सिकोतली एक आदिवासी भाषा होती, अशा एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. जपानी सगळ्यात घाईची, डॅनिश सगळ्यात निवांत, पण सगळ्यांची मिळून सरासरी निघाली साधारण 200 मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाचवा भाग, पापणी लवेपर्यंतचा वेळ. आणि दुसरीकडे, नुसतं एखादं चित्र बघून त्याचं नाव तोंडातून काढायलाच मेंदूला 600 मिलिसेकंद लागतात. मग हा हिशोब बसतो कसा? तो असा बसतो की समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर तयार करत असतो, त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेत, एका कानाने ऐकत आणि आतून जुळवत. ओट्यावर तू हेच करतोस आणि तुला कळतही नाही.

डब्याला बसल्यावर तू या कामात अजून एक टेबल मांडलंय, तपासणीचं. मनात आलं अहिराणीत, त्याचं पुस्तकी मराठी केलं, त्यात न चा ण केला, य चा ळ केला, कुठे राहिलं का ते पुन्हा बघितलं, मग तोंड उघडलं. अकाउंट्सवाला माणूस तू, प्रत्येक व्हाउचरला दोन सह्या लागल्या तर पेमेंटचं काय होतं तुला मी काय सांगू. तेवढ्या वेळात विषय केळीच्या भावावरून क्रिकेटवर आणि क्रिकेटवरून कोणाच्या तरी साखरपुड्यावर गेलेला असतो.

आणि नुकसान एवढंच असतं तर चाललं असतं. खरं नुकसान उशिराचं होतं. हो म्हणायचं असलं की माणूस पटकन म्हणतो, नाही म्हणायचं असलं की चाचरतो, हे त्या दहा भाषांमध्येही दिसलं. त्यामुळे ऐकणारासुद्धा तसाच हिशोब लावतो. इंग्रजी, इटालियन आणि जपानी बोलणाऱ्यांना फोनवरची संभाषणं ऐकवली, विनंती तीच, होकाराचा शब्दही तोच, फक्त मधली शांतता वाढवत नेली. शांतता जितकी वाढली तितकं लोकांना वाटलं, याची काही फार इच्छा दिसत नाही.

आता पाटणादेवी आठव. त्यांनी विचारलं, तू थांबलास, मनात काय काय जुळवलं असशील, पैसे किती लागतील, गाडी कोणाची, रविवारी घरी औषध फवारणी आहे का, आणि मग म्हणालास, हो… बघतो. तुझ्या मनात ‘हो’ होतं. त्यांना ऐकू आलं ‘नको’. आणि आपल्याकडे ‘बघतो’ म्हणजे काय असतं ते शाळेतल्या पोराला पण माहीत असतं, वर्गणी मागायला आलेल्यांना आपण तेच सांगतो. त्यांनी तुझ्या ‘नको’चा मान ठेवला आणि पुढच्या वेळी विचारून तुला अडचणीत टाकलं नाही, असंही झालं असेल ना? असंच झालं अशी शपथ मी नाही घेणार, मी काही त्या मळ्यात नव्हते. पण तू काढलेल्या अर्थापेक्षा हा अर्थ मला जास्त पटतो, कारण आठ महिने ज्यांना माणूस नको असतो ते त्याला रोज डब्यातली चटणी देत नाहीत. (तू लिहिलं होतंस की तो शेजारचा रोज शेंगदाण्याची चटणी तुझ्या झाकणात ठेवायचा. ते मी वर कापलं, पण विसरले नाही.)

हसण्याचं पण बोलू. 2000 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच यांनी पोरांना एका गायकाचं तोंड छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला. विचारल्यावर निघाले साधारण चौथा हिस्सा. आपल्यावर हॅलोजन लागलाय असं आपल्यालाच वाटत असतं, बाकीचे आपापल्या डब्यात बघत असतात. तुझं ‘केयं’ तुला आठ महिने आठवतंय, त्या हसणाऱ्याला संध्याकाळपर्यंत तरी आठवलं असेल का. आणि मला तर शंभर टक्के वाटतं की तो जर जळगाव-यावल-रावेरकडचा असेल तर त्याच्या घरी आजी ‘केयी’च म्हणते, ‘शाया’ म्हणते, ‘डोया’ म्हणते, आणि तो हसला ते तुझ्यावर नाही, ऑफिसात अचानक आजी भेटल्यासारखं झालं म्हणून हसला. आपल्या अर्ध्या जिल्ह्यात ळ चा य होतो, त्यात शरमेचं काय.

हे मी शहाणपणा शिकवायला नाही सांगत. मी धुळे जिल्ह्यातून पुण्याला एम.ए.ला गेले तेव्हा होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात ‘माझं ताट’ऐवजी ‘मना ताट’ बोलून गेले. टेबलावर शांतता, मग खिदळणं. त्यानंतर मी अख्खी एक टर्म मेसमध्ये ‘हो’, ‘नाही’ आणि ‘भात’ एवढेच शब्द वापरले असतील, आणि पोरींनी मला नाव ठेवलं ‘मॅडम’, म्हणजे गर्विष्ठ. मी घाबरलेली आणि त्यांच्या लेखी मी शिष्ट! हे मला कळलं पुढच्या वर्षी, जी सगळ्यात जास्त खिदळली होती तिच्याचकडून, तोवर ती माझी रूममेट झाली होती. 2018 मध्ये एका अभ्यासात हे नीट मोजून आलं, एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम, की दोन अनोळखी माणसं बोलून उठली की दोघांनाही वाटतं, मला तो आवडला पण मी काही त्याला फारसा आवडलो नसेन. दोघांनाही! आणि दोघंही चुकलेले असतात. वाचलं तेव्हा मला मेसचं ते टेबल आठवलं.

आता तू जे करतोयस, टेबलावर एकट्याने डबा, ते मला अजिबात आवडलेलं नाही. तुला वाटतं आता सवय झाली, माणसं नकोशीच वाटतात. 2020 मध्ये एमआयटीतल्या लोकांनी 40 जणांना एक दिवस 10 तास एकटं ठेवलं, फोन नाही, गप्पा नाहीत, आणि दुसऱ्या एका दिवशी 10 तास उपाशी ठेवलं. उपाशी माणसाला जेवणाचा फोटो दाखवला की मेंदूच्या मधला जो भाग हावरा होतो, तोच एकट्या ठेवलेल्यांना माणसं हसत-खेळत बसलेली दाखवली की तसाच झाला. तर ती भूकच आहे बाबा. पण ही भूक विचित्र आहे, पोटाची भूक लागली की माणूस ताटाकडे जातो आणि माणसांची भूक जास्त दिवस मारली की माणूस ताटातच खोट शोधायला लागतो. शिकागोचे जॉन कॅचिओपो यांनी एकटेपणावर कितीतरी वर्षं काम केलं, त्यांचं म्हणणंच हे होतं की एकटा पडलेला मेंदू धोका हुंगत फिरतो, कोण तोंड फिरवतंय, कोण कुजबुजतंय. तुझ्या पत्रात शेवटी शेवटी तू लिहिलंय की आता ते हसले तरी माझ्यावरच हसताहेत असं वाटतं. बघ.

तर उद्यापासून डबा उचल आणि जुन्या जागी जा. ‘इतके दिवस काम होतं’ म्हण, कोणी चौकशी आयोग बसवणार नाही. बसलास की तपासणीचं टेबल उचलून ठेव, जसं येईल तसं बोल, ‘केयं’ येईल तर येऊ दे. मोठं वाक्य बोलायचंच नाही आधी. ‘हं’, ‘हाव ना’, ‘काय सांगतो!’, ‘मग?’ एवढंच, पण वेळेवर. हे फालतू वाटतं, पण गप्पांमध्ये जागा धरून ठेवायचं काम हेच शब्द करतात, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तसे. आणि कोणी कुठे चल म्हटलं तर आधी ‘हो’ टाकून दे, पटकन, पैसे-गाडी-फवारणी मागाहून. नाही जमलं तर संध्याकाळी सांग जमत नाही म्हणून, त्याने काही बिघडत नाही, उशिराच्या ‘हो’ने जास्त बिघडतं.

विषय कुठून आणायचा म्हणशील तर तो आणूच नको. समोरच्याने जे सांगितलं त्यातलंच एक पकडून पुढचं विचार. हार्वर्डमध्ये 2017 मध्ये एक अभ्यास झाला, त्यात असे पुढचे प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडली. आपल्या बायकांना हे कोणी शिकवलेलं नाही, धुळ्याहून जळगावच्या गाडीत शेजारी बसली की पारोळा येईपर्यंत तिला माझ्या सुनेचं माहेर माहीत आणि एरंडोलला मी तिच्या गुडघ्याला कोणतं तेल लावते ते विचारतेय. शिकागोच्या लोकल गाड्यांमध्ये प्रवाशांना मुद्दाम अनोळखी माणसाशी बोलायला लावलं होतं, बाकीच्या प्रवाशांना विचारलं तर त्यांना वाटलं असा प्रवास बोअर होणार, आणि जे खरंच बोलले त्यांचा उलट तोच प्रवास जास्त चांगला गेला. आपल्या लालपरीला असा प्रयोग लावायची गरजच पडली नसती.

पाचही जणांना एकदम जिंकायला जाऊ नको. चटणीवाल्यापासून सुरू कर. पुढच्या वेळी घरून येताना त्याच्यासाठी वेफर आण, आईच्या हातचे.

एक मात्र गंभीरपणे. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, ऑफिसला जायच्या विचारानेच हात थरथरत असतील आणि असं दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर मग माझ्या सदरावर राहू नको, डॉक्टरला दाखव. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि खरंच छातीत दुखत असेल तर आधी छातीचाच डॉक्टर, मानसशास्त्र नंतर.

राहिला ब्लॉकचा प्रश्न. नको करू. एक गोष्ट तुझ्या लक्षातच आली नाही, स्टेटस तुला दिसलं कसं? ज्याला लपवायचं असतं तो आधी तुला हाइड करतो आणि मग फोटो टाकतो, आजकाल तर सासूला हाइड करून स्टेटस टाकणाऱ्या सुना मला माहीत आहेत. त्याने तसं काही केलं नाही, म्हणजे त्याच्या डोक्यात तुझ्यापासून चोरून काही करतोय असं नव्हतंच. उद्या डब्याला बसलास की त्यालाच विचार, शुद्धबिद्ध न करता, लगेच: “त्या दिवशी वांगी कुठली होती रे, आसोद्याचीच का बामणोदची?” आणि मग गप्प बसून ऐक, कारण यावर खान्देशी माणूस कमीत कमी वीस मिनिटं बोलतो.